उसना तळहात

त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसायची आणि महादेवाशी भांडायची. जप नाही, स्तोत्र नाही, सरळ भांडण. म्हणायची, बाबा, तुला बेल वाहून वाहून माझे केस पिकले आणि तुला माझ्या लेकाचा एक फोन लावून देता येत नाही? ज्यांनी कधी तुझ्यापुढं हात जोडले नाहीत त्यांची पोरं सुखरूप घरी आली, मग माझाच तेवढा तुला दिसेना का? बोलून बोलून घसा दुखला की रडू यायचं. मग लिंगाला पाणी घालायची, नमस्कार करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पूजा मात्र मी एकही दिवस मोडली नाही. मोडायची भीती वाटायची, हे खरं कारण. भक्ती वगैरे काही तेव्हा शिल्लक होती असं मी म्हणणार नाही.

आम्ही ताडकळसचे लिंगायत वाणी. घराला लागूनच आमची पिठाची गिरणी आहे. मालक गेल्यावर माझा एकुलता एक महेश ती चालवायचा. पण घरोघरी छोट्या चक्क्या आल्या, दळण कमी झालं, आणि लग्नानंतर वर्षभरातच तो आखातात वायरमनच्या कामावर गेला. गिरणीला कुलूप लागलं. करार संपला की परत येतो, नवी मशीन टाकतो, असं सांगून गेला होता. मग तिकडं युद्ध पेटलं. इथं बाजारातल्या हॉटेलात माणसं चहा पीत टीव्हीवर ते मॅचसारखं बघायची. आज कोणी कोणाचं काय पाडलं यावर टाळ्या द्यायची. मी भाजी घेऊन तिथून जाताना असं वाटायचं की त्या टीव्हीवर दगड घालावा. सिलिंडर वेळेवर मिळेना म्हणून लोकांनी त्या युद्धाला शिव्या दिल्या, एवढाच काय तो गावाला त्याचा त्रास. आमच्याकडे पगार यायचा थांबला, आणि मग एका सोमवारपासून महेशचा फोनच लागेना. लावला की कुणीतरी बाई परक्या भाषेत काहीतरी बोलायची. मी त्या बाईलाही हात जोडून विचारलंय, माय, माझा लेक कुठं हाय गं?

माझी सून संगीता मात्र रडली नाही. माझ्या पूजेत ती बसत नसे आणि माझ्या रडण्यातही नसे. एका सकाळी तिने गिरणीचं कुलूप काढलं, पट्टा चढवला आणि दगड फिरवून बघितले. मग हातोडी-छिन्नी घेऊन त्या दगडांना टाकी लावत बसली. महेश करताना तिने पाहिलं होतं म्हणे. मला तिचा असा राग आला! आपल्या घरच्या बाईनं पदर खोचून परक्या माणसांची दळणं घ्यायची? नवरा जिवंत आहे की नाही ठाऊक नाही आणि हिला पिठाचं सुचतंय? मी तोंडाला येईल ते बोलले. तिने छिन्नी खाली न ठेवता एवढंच म्हटलं, "आत्याबाई, तुमी पूजा करा, मी दळते. दोघींनी बसून कसं भागंल?" चूल पेटवायची वेळ पुन्हा माझ्यावर आली. दुपारी ती जेवायला यायची तेव्हा भुवयांपासून सगळी पांढरी असायची. मी ताट वाढायची आणि रोज टोचून बोलायची, "हात धू नीट. पीठ राहतंय." ती पुन्हा धुवायची. तरी रेघांमधलं पीठ जात नसे.

पुढचं सांगण्याआधी आमची एक रीत सांगते. आमच्यात मूल जन्मलं की जंगम स्वामी येऊन त्याला लिंग बांधतात. चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधलेलं ते लिंग मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. माणूस गेला की त्याला बसवून पुरतात, तेव्हाही ते त्याच्या तळहातावरच असतं. पूजा करतानासुद्धा लिंग तळहातावर असेपर्यंत जागचं उठायचं नाही, मग दारात कुणीही येवो. हे मी महेशला लहानपणापासून शिकवलं होतं, आणि तो अशा बाबतीत माझ्यापेक्षा कडक होता.

त्या दिवशी बाजार होता. गिरणीवर गर्दी होती, पट्ट्याचा आवाज चालला होता. मी ओसरीत ज्वारी निवडत होते. एक दाढीवाला माणूस अंगणात आला, थकलेला, पायात धुळीने भरलेले बूट. त्याने काही विचारलं, मला ऐकू आलं नाही. मग त्याने आतल्या खिशातून एक कोरा रुमाल काढला, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि उघडला. आत महेशचं लिंग होतं. चांदीच्या डबीचा कोपरा लहानपणी त्यानेच आपटून चेपवला होता, ती चेप मी हजारात ओळखली असती.

लिंग इथं आणि लेक तिथं. आमच्यातल्या कुठल्याही आईला त्याचा एकच अर्थ कळतो. आणि त्याहून वाईट हे की लेकाला माती देतानाही हे त्याच्या हातात नव्हतं. मी असा हंबरडा फोडला की सगळी आळी धावत आली. तो माणूस हात हलवून काहीतरी ओरडत होता. मला वाटलं तोही रडायलाय. बायका जमल्या, कुणी मला धरलं, आणि शेजारची म्हातारी तडक गिरणीत शिरून संगीताच्या बांगड्यांना हात घालायला निघाली. संगीताने तिचा हात झटकला आणि बटण दाबून गिरणी बंद केली. पट्टा हळूहळू थांबला. "गप बसा समद्या!" ती ओरडली. घरात आल्यापासून तिचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "त्या माणसाला बोलू द्या की!"

तेव्हा कुठं त्याचं बोलणं कानावर पडलं. "जिता हाय! मावशी, जिता हाय तो! कवाचा सांगायलोय!"

त्याचं नाव रशीदभाई. येलदरीचा. घरचे धरणावर मासे धरतात, आणि हा तिकडं कामगारांच्या कॅम्पात स्वयंपाकी होता, महेशच्याच खोलीत राहायचा. पाणी प्यायल्यावर त्याने सगळं सांगितलं. सकाळी भोंगा वाजला तेव्हा महेश पूजेला बसलेला होता, लिंग हातावर होतं. सगळे जिने उतरून खाली मैदानात पळाले. रशीदभाई दारापर्यंत गेला आणि थांबला. "चल म्हणलं, तर ह्यो डोळं उघडंना. पूजा मोडत न्हाई हे मला म्हाईत होतं. म्हणलं, आता ह्याला टाकून कसं जावं?" आकाशात काहीतरी फुटलं आणि त्याचा जळता तुकडा मैदानात, त्या पळालेल्या पोरांमध्येच पडला. खोलीची खिडकी चौकटीसकट आत आली. रशीदभाई दाराच्या भिंतीआड होता म्हणून वाचला. त्याने महेशला खांद्यावर घेतलं आणि काचांमधून हे लिंग शोधून काढलं. फोन दोघांचेही तिथंच गेले. दवाखान्यात अंगावरचं सगळं काढून घेत होते, तेव्हा महेशने हे त्याच्या हाती दिलं. म्हणाला, हरवलं तर माझी आई जगायची नाही, तिला नेऊन दे.

"आन् त्याचा हात?" संगीताने विचारलं. मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं.

रशीदभाईने खाली बघितलं. "डावा न्हाई राहिला, बहना. मनगटापासून."

संगीता दळणाच्या डब्यांमध्ये मटकन बसली. रडली ती तेव्हा पहिल्यांदा. थोड्या वेळाने उठली, डोळे पुसले, आणि थांबलेल्या बायकांना म्हणाली, नंबरानं या.

मी त्या माणसाला जेवायला वाढलं. आमच्यात दारी आलेल्या जंगमाला शंकर समजून जेवू घालतात, पण येलदरीच्या मासे धरणाऱ्या घरातल्या माणसाला माझ्या ओसरीत पाटावर बसवून वाढीन, असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. भाकरी मोडताना तो म्हणाला, "मावशी, हे खिशात होतं तवापासून मच्छी-मटणाला हात लावला न्हाई. भ्या वाटायचं." आणि मग म्हणाला, "तुमच्या देवानं मला वाचिवलं बघा. तुमचा लेक उठला असता तर मी बी मैदानात गेलो असतो."

तो अगदी मनापासून बोलत होता, म्हणून मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. पण आतून माझं काळीज जळत होतं. माझ्या देवाने याला वाचवलं, आणि माझ्या लेकाचा नेमका तोच हात घेतला, ज्यावर त्याला बसवायचं असतं? लेकाला त्याने वाचवलं म्हणू, की त्यानेच तिथं बसवून ठेवलं म्हणू? खाली पळालेल्या पोरांच्याही आया असतील. त्याही कुठंतरी देवापुढे बसत असतील. याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं नाही आणि अजूनही मिळालेलं नाही. खोटं कशाला सांगू?

दवाखान्यातून सोडल्यावर महेश आला. वाळलेला, गालफडं बसलेली, बाही खाली लोंबणारी. गिरणीचं बटण दाबलं की तो दचकून भिंतीला चिकटतो. पहिल्या दिवशी तर पट्टा सुटल्याचा आवाज ऐकून खाटेखाली शिरला होता, माझा एवढा थोरला लेक. संगीताने गिरणी बंद ठेवू का विचारलं, तर म्हणाला, नको, मग खायचं काय? आता ती दळते आणि तो माझ्यासोबत मागच्या घरात बसून एका हाताने शेंगा फोडतो, चुलीत काटक्या सारतो. गावातले लोक हसतात हे आम्हाला ठाऊक आहे. ज्या मोठ्या लोकांनी ते युद्ध केलं त्यांना ताडकळस कुठं आहे हेही ठाऊक नसेल. त्यांच्या घरी कोण काय करतं कोण जाणे, आमच्या घरी मात्र लेक चुलीपुढं आणि सून गिरणीवर, हे त्यांनीच करून ठेवलं आहे.

आल्यापासून त्याने लिंग गळ्यात घातलं, पण पूजा केली नाही. न पूजता जेवायचा आणि घास गिळताना माझ्याकडे बघायचा नाही.   उजव्या हातावर घे म्हटलं तर पाणी कशाने घालणार?

श्रावणातल्या सोमवारी सकाळी संगीता गिरणी अर्धवट सोडून आत आली. त्याच्यासमोर मांडी घालून बसली, आपला डावा हात त्याच्यापुढे पसरला आणि म्हणाली, "ठेवा. मी न्हाई हालत."

महेशने माझ्याकडे बघितलं. रीत मला ठाऊक आहे. ज्याचं लिंग त्याचाच तळहात. स्वामींना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते ते मला माहीत नाही, आणि मी विचारायलाही जाणार नाही. मी बेलाचं पान उचलून त्याच्या उजव्या हातात दिलं. त्याने लिंग तिच्या हातावर ठेवलं. बाहेर दळणवाल्या बायका हाका मारत होत्या, पण ती पूजा होईपर्यंत जागची हलली नाही. मी बाजूला बसले होते, आणि कितीतरी महिन्यांनी माझं महादेवाशी भांडण त्या वेळेपुरतं थांबलं होतं. त्याने काय दिलं आणि काय नेलं याचा जाब मी आता मागत नाही. जो उरला आहे तो त्याने माझ्याकडे परत पाठवला, एवढ्यासाठी मी रोज डोकं टेकवते. मात्र टेकवताना अजूनही माझे दात आवळलेले असतात, आणि ते त्यालाही माहीत असणार.

आता रोज असंच चालतं. परवा तिने हात पुढे केला तेव्हा बोटांच्या रेघांत पीठ होतं, आणि भस्म लावण्याआधीच लिंग पांढरं झालं. तिने दचकून माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला उठू लागली.

मी म्हटलं, "बस गं. राहू दे पीठ. चालतंय त्याला."