आमटीआधीचं सूप

जेवणाआधी सूप आलं नाही तर जेवण झालंच नाही, असं मनापासून मानणारा उभ्या बीड जिल्ह्यात एकच माणूस असेल, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणतो. सहकारी साखर कारखान्याच्या गेस्टहाऊसवर ते जेवणाचं टेबल सांभाळायचे. पांढरा कोट, हातावर रुमालाची घडी, आणि वाढायचं ते पाहुण्याच्या डाव्या बाजूनंच. संचालक मंडळी शेतकरी. ती सुपाच्या वाटीत सरळ भाकरी चुरायला घ्यायची. मामा कानाशी वाकून म्हणायचे, "साहेब, हे सूप आहे. चुरायची आमटी नंतर येते." "मंग तीच आण की रं आधी," असं एकानं सुनावलं, तरी सूप संपल्याशिवाय आमटी आली नाही. मला वाटतं, माणसाला निवांत, एकेक पदार्थ वाढणं हाच त्यांच्या लेखी त्याचा मान होता.

घरीही तेच. आत्या भाकऱ्या थापत असली तरी तिनं उठून डावीकडून वाढावं, ही त्यांची अपेक्षा. ती म्हणायची, "तुमचं डावं-उजवं ऱ्हाऊ द्या, तव्यावरची करपायली." लग्नाच्या पंगतीत वरण, भात, बुंदी एकाच पत्रावळीवर पडलेली पाहून त्यांचा चेहरा असा उतरायचा, की वधूपिता धावत यायचा, "पाव्हणं, काय चुकलं का आमचं?"

मग पावसानं पाठ फिरवली. ऊसच नाही म्हणून कारखाना बंद पडला, गेस्टहाऊसला कुलूप लागलं. मामा मात्र कोट धुऊन, इस्त्री करून ठेवत राहिले. "टँकरचं पानी प्यायला पुरंना अन् ह्ये कोट धुवायलेत," आत्या म्हणायची. "उसाचं गाळप सुरू झालं की बोलावणं येईल," एवढंच मामा म्हणायचे.

बोलावणं आलं, पण वेगळं. एका तरुणानं गेस्टहाऊस भाड्यानं घेतलं आणि तिथं गावरान जेवणाचं हॉटेल काढलं. बाहेर बसायला बाजा टाकल्या, आत पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची आमटी. मांजरसुंब्याकडच्या हमरस्त्यावरच्या गाड्या वाट वाकडी करून थांबू लागल्या. मामांनी जन्मभर पाहुण्यांना जे करू दिलं नाही, ते शहरातली माणसं मोबाईल पुढं धरून हौसेनं करू लागली, बसल्या बसल्या भाकरी चुरू लागली. वाढायला ठेवलेल्या मामांना कोटाऐवजी धोतर-फेटा मिळाला. त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली: कोपऱ्यात जुनं टेबल, पांढऱ्या चादरीसकट. मालक म्हणाला, "दिवाळीपर्यंत ठिवू मामा. कुणी बसलं तर ऱ्हाईल."

कुणी बसलं नाही. दिवाळीच्या सुट्टीला कॉलेजातून आले, तेव्हा मीच जाऊन बसले. एकटीनं हॉटेलात बसायची मला सवय नव्हती. मामांनी फेटा न काढताच धोतरावर पांढरा कोट चढवला आणि डावीकडून सूप आणलं. आमटीचंच वरचं पाणी गाळून, मिरी घालून केलं होतं. सांडू नये म्हणून मी चमचा जपून धरला. मामा मागं उभे होते.

अर्धी वाटी झाली, तेवढ्यात मालक आला. "ताईंचं होऊ द्या, मग टेबल उचलू," तो हळूच म्हणाला. "इथं बी बाजा टाकायच्यात."

मामा आत गेले, भाकरी घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवली. उजवीकडून.

"चूर, माय."

"सुपात?"

"चूर. गार व्हायलंय."

मी चुरली. माझं खाऊन होईपर्यंत ते तसेच मागं उभे राहिले, हातावर रुमालाची घडी घेऊन.