आईच्या बियाण्यात शिरलेला पांढरा कांदा

माझ्या बारशाला आत्याने माझ्या कानात नाव सांगितलं, कुर्र केलं आणि रिवाजाप्रमाणे पाठीवर बायकांचे धपाटे खाल्ले. नावाबरोबर तिने आपला स्वभावही तेव्हाच माझ्या कानात ओतला, असं आईचं ठाम मत. मी लहानपणी ताट सरकवून उठले की आई म्हणायची, "आत्यावर गेलीस." वर्गात पहिली आले तर मात्र कुणावर गेले याची चौकशी कधी झाली नाही. पुढे आई आणि आत्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या आणि तेच वाक्य मला शिवीसारखं ऐकू यायला लागलं.

त्या अबोल्याचं कारण होतं कांद्याचं बी.

माझं माहेर येवल्याजवळचं, कांद्याच्या शेतीचं. आमच्याकडे बी दोन तऱ्हेचं असतं, पुडीतलं आणि घरचं. घरचं बी करायचं तर कांदाचाळीत साठवलेल्या कांद्यांतले जे दिवाळीपर्यंत टिकले, त्यांतले चांगले निवडून पुन्हा मातीत लावायचे. त्यांना डोंगळे म्हणतात. थंडीत त्यांना उंच दांडे येतात, दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे गोंडे, आणि उन्हाळा लागला की गोंड्यांत काळं बी. निवड करायची ती आईनेच. अंगठ्याने मान दाबून बघायची, साल नखाने तपासायची. कांदा गोल हवा, मान बारीक हवी, रंग गर्द लाल हवा. हे बी तिला लग्नानंतर आमच्या आजीने दिलेलं. जमीन माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, घर अण्णांचं, गोठ्यातल्या गायीसुद्धा अण्णांच्या. बी तेवढं आईचं. गावातल्या बायका ओंजळभर मागून न्यायच्या आणि आई तोंड वाकडं करत, आतून खूश होत द्यायची.

तर एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी आईच्या बियाची तारीफ केली. शेजारच्या पानावर आत्या होती. ती म्हणाली, बी आमच्या आईचं आणि नाव हिचं. झालं! आई भरल्या पानावरून उठली ती पुन्हा आत्याच्या घरी गेली नाही. आत्या निफाडकडे दिलेली, तीही काही कमी नव्हती. अण्णा बिचारे एकीचे नवरे आणि दुसरीचे भाऊ, त्यांनी गप्प बसायचं धोरण धरलं आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

मी नाशकात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे एक प्रॅक्टिकल असतं, कांद्याच्या मुळाच्या टोकावर पेशीविभाजन बघायचं. पेल्यात पाणी भरून त्यावर कांदा बसवला की त्याला पांढरीशुभ्र मुळं फुटतात. टोक कापायचं, रंग द्यायचा, काचेवर दाबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. पेशीत गुणसूत्रांचे बारीक दोरे दिसतात. कांद्यात ते सोळा असतात, आठ आईकडून आलेले, आठ बापाकडून. प्रत्येक दोऱ्याची आधी नक्कल होते, मग दोन्ही संच दोन टोकांना जातात, आणि एका पेशीच्या हुबेहूब तशाच दोन होतात. मुलांना पहिल्यांदा ते दिसलं की वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी अजून नोकरी करते.

एरवी या प्रॅक्टिकलला कांदे आईच्या चाळीतून यायचे. एका वर्षी गावाकडे जाणं झालं नाही, म्हणून द्वारका चौकाजवळच्या एका गाडीवरून घेतले. पांढरे होते, छान टणक होते, मुळंही झकास फुटली. प्रॅक्टिकल उरकलं, दिवाळीची सुट्टी लागली, आणि मी ते कांदे टाकून कशाला द्यायचे म्हणून पिशवीत घालून माहेरी घेऊन गेले. पात निघाली असती तर भाजी झाली असती, एवढाच विचार.

अण्णांनी पिशवीत डोकावून बघितलं. हातभर मुळं फुटलेला कांदा शेतकऱ्याच्या हातात आला तर तो काय करेल? खाईल? टाकेल? छे. आईचे डोंगळे त्याच आठवड्यात लावले होते, वाफ्याच्या टोकाला थोडी जागा होती. अण्णांनी पांढरे कांदे तिथे नीट रोवले, पाणी दिलं आणि विसरून गेले. सांगायचं काही कारणच त्यांना वाटलं नाही. जीव वाचवला, त्यात सांगण्यासारखं काय?

आता गंमत अशी, की कांदा लाल असो की पांढरा, त्याचं फूल पांढरंच असतं आणि बी काळंच. आई रोज वाफ्यात जायची, पण तिला कळणार कसं? मधमाश्यांना तर कुणाच्या कांद्यावर बसतोय याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्या या गोंड्यावरून त्या गोंड्यावर मजेत फिरल्या. त्या बियाचं पीक आलं ते लालच. एखाददुसरा पांढरा निघाला असेल, तर तो कुणाच्या तरी कालवणात गेला. आईने त्याच पिकातले कांदे निवडले, डोंगळे लावले, बी धरलं.

दणका बसला पुढच्या खेपेला. काढणी चालू होती, मी सुट्टीला आले होते. बायका बसून पात कापत होत्या आणि ढिगात लालांच्या मध्ये पांढरे चमकत होते. एक नाही, दोन नाही, जागोजाग. आई ढिगाशी बसली आणि एकेक पांढरा कांदा उचलून बाजूला ठेवत गेली. कुणीतरी बी मागायला आलं तर आई म्हणाली, यंदा बी नाय. अण्णांनी तेव्हा कुठे हळूच सांगितलं, की मागे ते तुझ्या कॉलेजचे कांदे होते ना, ते मी. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी घरात चहा झाला नाही.

संध्याकाळी मी तिला समजवायला बसले. पेशीची विभागणी दोन तऱ्हेची असते, मी सांगितलं. अंग वाढतं ती नकलेची. पण फुलात पराग आणि बीजांड तयार होताना वेगळंच घडतं. आईकडचा दोरा आणि बापाकडचा दोरा जोडीने शेजारी येतात, एकमेकांचे तुकडे अदलाबदल करतात, पत्त्यांसारखे पिसले जातात, आणि मग निम्मेच दोरे पुढे जातात. दुसरे निम्मे समोरच्याकडून येतात. म्हणून एका गोंड्यातल्या दोन बिया सारख्या नसतात. लाल रंग जोरकस असतो, त्याच्यासमोर पांढरा दबून बसतो, पण मरत नाही. दोन लाल कांद्यांकडून दोन दबलेले पांढरे एका बियात आले, की नातवंडात पांढरा कांदा उभा.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"म्हणजी आता जे लाल दिसतंय, त्यातबी चोर असंल?"

असेल, मी म्हटलं. कुठल्या लालात ते वरून दिसत नाही. वर्षानुवर्षं निवडत बसावं लागेल.

ती उठून आत गेली. मी अण्णांवर ओरडले, मग माझ्यावरच चिडले, मग एकदम सुचलं. आत्या! भांडण होण्याआधी आत्याने आईकडून बी नेलं होतं आणि आजीसारखीच ती दर वर्षी घरापुरते डोंगळे लावायची. चहूकडे द्राक्षाच्या बागा आणि ऊस, दुसऱ्या कुणाचा कांदा जवळपास फुलतच नव्हता. आईचं बी जसंच्या तसं तिथे असणार.

आई म्हणाली, मेले तरी जाणार नाय. पुडीतलं बी आणीन. हे तिने उन्हाळाभर म्हटलं, पावसाळाभर म्हटलं. दिवाळीला डोंगळे लावायची वेळ आली आणि ती रिकाम्या वाफ्याकडे पाठ करून दारात बसायला लागली. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी कांदे आणायची पिशवी तिच्यासमोर आपटली आणि म्हटलं, नेसायला घे, नाहीतर आहेस तशी उचलून एसटीत घालते. एवढी वर्षं जपलेलं बी रुसव्यापायी घालवणार असशील, तर पुन्हा माझ्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही. ती उठली आणि लुगडं बदलायला गेली.

आत्याने दार उघडलं. आम्हाला बघून तिने आधी पाणी आणलं, मग काय झालं ते विचारलं. मीच सांगितलं. आत्या आम्हाला मागच्या चाळीशी घेऊन गेली. आई खाली बसली आणि कांदे हातात घेऊन बघायला लागली. अंगठ्याने मान दाबली, नखाने साल तपासली. ते आईचेच कांदे होते, किंचित जास्त चपटे, पण रंग तोच गर्द. आईचे डोळे भरून आले.

"सासूबाईंचंच बी हाय," ती म्हणाली. "मी निस्तं सांभाळलं."

आत्या तिच्याशेजारी मातीत बसली. "नाय वहिनी. आई गेल्यावर तू नसतं धरलं, तर मला कुठनं मिळालं असतं? मी उगाच बोलले तवा."

दोघी रडल्या, आणि खोटं कशाला सांगू, मीही रडले. मग दोघींनी मिळून कांदे निवडले आणि तेवढ्यातही गोल कुठला आणि चपटा कुठला यावरून त्यांचं वाजलं. जेवल्याशिवाय आत्याने सोडलं नाही.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली होती, कांद्याची पिशवी मांडीवर. अण्णांना वाफ्याच्या आसपास फिरकू द्यायचं नाही, हे तिने दोनदा सांगितलं. पुढच्या गावाच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा तिने मला विचारलं, ते दबून बसतं आणि पुढं निघतं, ते माणसातबी असतं का. असतं, मी म्हटलं.

"सकाळी पिशवी आपटलीस ना, तवा वाटलं सासूबाईच उभ्या हायेत," ती म्हणाली. "त्याबी अशाच आपटायच्या. आत्यावर गेलीस म्हणून मी उगाच तुला बोलत राहिले."

तिने माझा हात ओढून पिशवीवर ठेवला, कांदे घरंगळू नयेत म्हणून, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.