गस प्रिंगलचं बोळकं

ऑगस्टा प्रिंगल छत्तीस वर्षांची आहे हे विनीला कळलं तेव्हा कॉफीचा मग तिच्या ओठांपर्यंत जाऊन तिथेच थांबला.

"किती?"

"छत्तीस. नोव्हेंबरात सदतीस. तोंड मीट, माशी जाईल."

एडनडेलच्या ब्रॅमली मूकपट कंपनीत सगळे ऑगस्टाला, म्हणजे गसला, साठीची धरून चालत. पडद्यावर ती सासू व्हायची, खाणावळवाली व्हायची, लाटणं घेऊन पोलिसाच्या मागे लागणारी स्वयंपाकीण व्हायची. कमरेला घोड्याच्या केसांनी भरलेली गादी, डोक्यावर पांढरा टोप. त्या दिवशी तिने रंगपटात विनीसमोर टोप काढला. खाली दाट, तांबूस केस होते. विनी बघतच राहिली.

विनी ओल्मस्टेड तेवीस वर्षांची. बर्कलीत साहित्य शिकून आली आणि कंपनीत पडद्यावरची वाक्यं लिहायला लागली. 'तेवढ्यात सासूबाई आल्या', असली वाक्यं. पहिल्या आठवड्यात तिला जेवायला कोणी बोलावलं नाही. गसने बोलावलं. आपल्या डब्यातलं अर्धं सँडविच पुढे केलं आणि म्हणाली, "शिकलेली दिसतेस. खा, उतरेल."

गसने आयुष्य सांगितलं तेही असंच, खाता खाता. चौदाव्या वर्षी कॅन्ससमध्ये धुलाईच्या कारखान्यात लागली. आठ वर्षं वाफेत काढली. मग एका पहिलवानाच्या फिरत्या खेळात गेली. तो तिला उचलायचा, त्याचे पाय लटपटायचे, लोक हसायचे. त्याच्याशीच लग्न केलं. एका सकाळी टोपेकाच्या हॉटेलात ती झोपलेली असताना तो पहिल्या गाडीने निघून गेला. मग ती पश्चिमेला आली. ब्रॅमलीच्या फाटकाशी चार दिवस बसली. पाचव्या दिवशी एका नटीने घोड्याच्या हौदात पडायला नकार दिला.

"मग मी पडले. म्हणाले, पुन्हा पड. पुन्हा पडले. पाच वर्षं झाली, अजून पडतेय."

साठेक चित्रपट. गळ्याजवळचं हाड दोनदा मोडलं. पण दात बत्तीसच्या बत्तीस शाबूत. ती अक्रोड दातांनी फोडायची आणि अर्धा विनीला द्यायची.

ब्रॅमलीच्या चित्रपटाची परीक्षा ग्लेंडेलच्या थिएटरात व्हायची, दुपारच्या खेळाला, आधी काही न सांगता. कंपनीचं एक माणूस शेवटच्या रांगेत कार्ड घेऊन बसायचं. प्रत्येक प्रसंगापुढे खुणा करायच्या. लोक नुसते खुदखुदले तर एक, हसले तर दोन, थिएटर दणाणलं तर तीन. काहीच नाही तर कोरं. कार्डवाल्याने पडद्याकडे बघायचं नाही, फक्त ऐकायचं; प्रसंग पियानोच्या सुरावरून ओळखायचा. आणि स्वतः हसायचं नाही. कोऱ्या जागा चित्रपटातून कापल्या जात. कधीकधी माणसंही.

एकोणीसशे सतराच्या उन्हाळ्यात ते काम विनीकडे आलं.

जुलैत ब्रॅमलीसाहेब जिन्यात कोणाला तरी सांगताना तिने ऐकलं, "त्या जाड्या प्रिंगलच्या प्रसंगांपुढे तीन चित्रपट एक खूण नाही. ऑगस्टमध्ये करार संपतोय ना तिचा? संपू दे."

विनीने गसला सांगितलं नाही. पण गसला माहीत होतं. ती म्हणाली, "मी धुलाईत परत जाणार नाही, विने. तिथल्या बायका चाळिशीत मरतात. मी मोजल्यात."

पुढच्या गुरुवारी ग्लेंडेलला खाणावळीचा चित्रपट लागला. त्यात गस दातांना काळं मेण लावून बोळक्या म्हातारीसारखं कडक पाव चघळते. विनी डोळे मिटून ऐकत होती. प्रसंग आला. कोणी खोकलं. प्रसंग गेला.

तिने तीन खुणा केल्या. पेन्सिल टेकली आणि झालं. मैत्रिणीसाठी एवढं खोटं तिला फार वाटलं नाही.

शुक्रवारी दिग्दर्शक हॅलोरन कार्ड नाचवत आला. "तीन! त्या बोळक्यावर! गस, साहेब म्हणतात पुढचा अख्खा चित्रपट त्यावर. तोंड जवळून घ्यायचं, पडदाभर. आणि परीक्षेला साहेब स्वतः येणार."

विनीचा चेहरा उतरला. गस तिच्याकडे एकदा बघून हॅलोरनला म्हणाली, "जवळून मेण दिसेल की."

"दिसेलच. चकाकतं ते. म्हणून वृद्धाश्रमातली एक म्हातारी बघून ठेवलीय. खरंखुरं बोळकं. चालेल ना तुला? तू तिच्या मागे उभी रहा."

"मी बघते काहीतरी," गस म्हणाली. "सोमवारपर्यंत थांब."

रिव्हरसाइडला बहिणीकडे जाते, असं सगळ्यांना सांगून शनिवारी ती गेली. विनीला वाटलं, गेली बिचारी रडायला. सोमवारी कबुली द्यायची असं तिने ठरवलं. वाक्यसुद्धा मनात लिहून ठेवलं.

सोमवारी सकाळी गस रंगपटात आरशासमोर बसली होती. ऑगस्टच्या उन्हात गळ्यापासून नाकापर्यंत लोकरी शाल.

"गस, मला तुला काही सांगायचंय."

गसने शाल खाली घेतली.

गाल आत गेले होते. हनुवटी वर आली होती. विनीला आधी कळेचना की ही कोण. मग गसने तोंड उघडून दाखवलं. आत कापूस होता. एकही दात नव्हता. वर नाही, खाली नाही.

"बहीणबिहीण काही नाही मला," ती म्हणाली. शब्द ओले, बोथट येत होते. "दोन दिवसांत काढले. शनिवारी वरचे, काल खालचे. कालचं गुंगीचं औषध अर्ध्यातच उतरलं. तू काय सांगत होतीस?"

विनीला ठरवलेलं वाक्य आठवेना.

"बस खाली. पांढरी पडलीस. मला टोप घालायचाय, तुला सांभाळायला वेळ नाही."

दहा वाजता चित्रीकरण सुरू झालं. गस पाव चघळत होती. हिरड्यांतून रक्त आलं. विनी ओरडणार तेवढ्यात कॅमेरावाला हँडल फिरवत खुशीत म्हणाला, "वा! फिल्मवर लाल सगळं काळंच उमटतं. आतून भुयार दिसतंय. गस, अजून उघड!"

गसने अजून उघडलं. हॅलोरन पोट धरून हसला. सुतार हसले, दिवेवाले हसले. कोणी विचारलं नाही की दात कुठे गेले. सगळ्यांना वाटलं, म्हातारीने कवळी काढून लाल रंग लावला असेल. साठीच्या बाईला कवळी असायचीच. हे विनीला उशिरा उमगलं.

तीन आठवड्यांनी ग्लेंडेल. साहेब मधल्या रांगेत. विनी शेवटच्या रांगेत कार्ड घेऊन, शेजारी गस, तोंडावर शाल. विनीने डोळे मिटले. कोणी हसू नये असं तिला वाटत होतं. मग लक्षात आलं की कोणी हसलं नाही तर गस उगाचच बोळकी झाली. तेव्हा सगळ्यांनी हसावं असंही वाटायला लागलं.

पडद्यावर तोंड आलं असणार. थिएटर हशाने फुटलं. पुढच्या रांगेतला माणूस खुर्चीच्या पाठीवर हात आपटत होता. एक बाई "अगं आई गं, अगं आई गं" करत होती. विनीने नियम मोडून डोळे उघडले.

पडदाभर ते तोंड होतं. वरचा ओठ नाकाला चिकटायला निघाला होता, आणि पाव काही केल्या आत जाईना.

विनी हसली. खळखळून, मोठ्याने. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं तरी हसू थांबेना. शेजारून एक हात आला आणि तिच्या मांडीवरचं कार्ड सरळ केलं.

"तीन," गस पुटपुटली. "लिही."

बाहेर दुपारचं ऊन होतं. साहेब गसचा खांदा थोपटून, 'तीन वर्षांचा करार' एवढं म्हणून गाडीत बसले. विनी भिंतीला टेकून उभी होती.

"मागच्या वेळी कोणी हसलं नव्हतं," ती म्हणाली. "मी खोट्या खुणा केल्या. गस, कोणीच हसलं नव्हतं."

"माहितीय."

"काय?"

"मी पण होते तिथे. पंख्याच्या बाजूला, अंधारात. माझ्या प्रत्येक चित्रपटाला असते. कान आहेत मला. एक माणूस खोकला फक्त."

विनी म्हणाली, "मग मला का नाही सांगितलंस? मी साहेबांकडे गेले असते. खरं सांगितलं असतं."

"आणि? तुला काढलं असतं. मग मला. तू तीन खुणा करून ठेवल्यास. साहेब त्या ऐकायला येणार होते. कोणीतरी त्या खऱ्या करायला नको?"

"पण दात, गस!"

"हो, दात." गसने शाल सारखी केली. तिचे डोळे पहिल्यांदाच भरले होते. "शुक्रवारी रात्रभर अक्रोड फोडत बसले. घरात होते तेवढे सगळे. रागावू तुझ्यावर? रागावलेय. पण मला फाटकाबाहेर जायचं नव्हतं, त्याला तू काय करणार. दाखव ते कार्ड."

विनीने दिलं. गस बोट फिरवत खालपर्यंत गेली.

"हे शिडीवरून पडते तिथे दोन केल्यास. एकच हवी होती. दोघं खुदखुदले."

"मला वाटलं…"

"वाटलं नको. खोड."

विनीने पेन्सिल उलटी केली. घाईघाईत रबर शेजारच्या प्रसंगावर घसरायला लागलं. गसने तिचं मनगट धरलं, आणि मनगट धरूनच दोघींनी ती एक खूण पुसली.