पंपवाल्या चाचीची घाई

पंपवाल्या चाचीने कुणा गिऱ्हाइकाला 'बसा' म्हटलेलं मी लहानपणी ऐकलं नाही. केजहून येणाऱ्या डांबरी रस्त्यावर आमच्या गावचा फाटा आहे. तिथे लिंबाखाली तिचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे बांबूंवर ताणलेली ताडपत्री, पाण्याचं घमेलं, एक उभा पंप आणि एक बाकडं. बाकड्यावर कुणी टेकायला लागला की चाची मान वर न करता म्हणायची, "बसता कावून? झालंच की!" माणूस अर्धवट बसलेला तसाच उठायचा, आणि चाक दाबून बघतो तर काम खरंच झालेलं असायचं.

बाकड्यावर हक्काने बसणारा माणूस एकच, तो म्हणजे चाचीचा नवरा. दुकान मुळात चाचाचंच. पण चाचाचा जीव पंक्चरपेक्षा गप्पांत. ट्यूब पाण्यात बुडवून ठेवायची आणि आपल्या आजोबांच्या घोड्याची गोष्ट काढायची, ही त्याची पद्धत. घोडा नदीपर्यंत पोचायच्या आत गिऱ्हाईक सायकल तिथेच टाकून पायी घरी पोचलेलं असायचं. शेवटी एक दिवस चाचीने पदर खोचला, त्याच्या हातातून टायर उचकटायचे लिव्हर काढून घेतले आणि दुकानाचा ताबा घेतला. नवखं कुणी आलं की विचारायचं, "मिस्त्री कुठंयत?" चाची म्हणायची, "मिस्त्री चा पिऊ लागलेत. काम इकडं दे." चाचाला त्याचं काही वाटत नसे. घोडा आता निवांत नदी ओलांडू शकत होता.

चाची उंच, काटकुळी, आणि तोंडाने फटकळ. काम करताना बांगड्या मधे येऊ नयेत म्हणून त्या कोपराकडे सरकवायची आणि वर जुन्या ट्यूबचं कापलेलं कडं चढवायची. सायकलीची अवस्था बघून ती मालकाची हजेरी घ्यायची. आमच्या गावच्या एका चांगल्या बागायतदाराला मी तिच्यापुढे खाली मान घालून उभा राहिलेला पाहिलाय. "भाजीत तेल कमी पडलं तर बायकूवर वरडतूस, अन चेन बघ कशी कोरडी ठाक पडलीय!" केजला कुणीतरी मशीनवर हवा भरायचं दुकान टाकलं तेव्हा तिने शांतपणे निकाल दिला, "मशीनची हवा उथळ असती. टिकत न्हाई." ती हे इतक्या ठामपणे म्हणाली की आमच्या गावात कितीतरी दिवस लोक ते खरं धरून चालत होते. मी तर कॉलेजात जाईपर्यंत धरून चालले.

तिच्याकडे येणारी बहुतेक पंक्चरं एकाच रस्त्याची. फाट्यावरून एक आतला रस्ता पलीकडच्या मोठ्या गावाला जातो. आमच्या भागातलं हायस्कूल त्या गावात. रस्त्याला एसटी नाही, जीप नाही, आणि मधे दोन्ही बाजूंनी वेड्या बाभळीचं रान. बायका त्यातून जळतण ओढून आणायच्या आणि काटे रस्त्यावर सांडायचे. टायरमधून काढलेला काटा बोटांत धरून चाची बघायची आणि म्हणायची, "ह्यो वढ्याच्या अलीकडचा." खरं-खोटं कोण तपासणार? आम्हाला मात्र वाटायचं की त्या रानातल्या झाडन्‌झाडाशी तिची भांडणं झालेली आहेत.

माझी सातवी झाली आणि गावची शाळा संपली. केजच्या मामाने त्याच्या मुलीची जुनी सायकल माझ्यासाठी पाठवून दिली. मी दोन दिवस ती नुसती पुसत होते. पण माझे वडील, तात्या, सायकलीकडे बघेनात. "सायकल दिली मामानं, रस्ता कोण देणार?" ते माझ्या मायला म्हणाले. "त्या बाभळीत चाक बसलं तर पोरीनं काय करायचं? यील त्याच्या तोंडाकडं बघत उभं ऱ्हायाचं?" तात्या काही वाईट माणूस नव्हते. शेळ्या घेऊन ते त्या रानात हिंडलेले, तिथे हाक मारली तर कुणाला ऐकू जात नाही हे त्यांना माहीत होतं. आमच्या गावातली एकही मुलगी तोवर आठवीला गेली नव्हती. बापांना हा रस्ता आडवा यायचा आणि मग मुली घरी बसायच्या. मलाही बसावं लागणार, हे दिसत होतं. मी रडून घर डोक्यावर घेतलं.

मायने मला आणि सायकलीला फाट्यावर नेलं. "भाभी, पोरीला पंक्चर काढायला शिकवा."

चाचीने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "शिकवते. पन घाई शिकावी लागंल," ती म्हणाली. "रानात कुनी फटफटी थांबवून 'काय झालं गं' इचारायच्या आत तुजं चाक फिरलं पायजे."

तेव्हा मला चाचीची घाई म्हणजे काय ते कळायला लागलं. रस्त्यावर चाक खोलायचंच नाही, हा तिचा पहिला नियम. दुसरा नियम, "पैले काटा धुंड. भोक कुठं पळून जात न्हाई." चाक हळूहळू फिरवत तळहात टायरवरून न्यायचा. काटा लागला की लगेच उपटायचा नाही, आधी जागेला खूण करायची. खुणेला काय घ्यायचं म्हणून मी इकडेतिकडे बघायला लागले, तर चाचीने माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि काट्याच्या समोर रिमवर चिकटवली. "कपाळावर काय काम हाय तिचं? हितं कामाला यील." मग काटा काढून तेवढ्याच जागी चमच्याच्या दांड्यांनी टायर वितभर उचलायचा, तिथलीच ट्यूब बाहेर ओढायची, कानशीने घासायची, सोल्युशन लावायचं. सोल्युशन वाळेपर्यंत मात्र थांबायचं. तिथे घाई केली की पॅच निघालाच म्हणून समजा. तेवढा वेळ चाची दोन्ही हात हवेत धरून गप्प बसायची. तिच्या अख्ख्या दिवसात शांतता म्हणून काय असेल ती तेवढीच.

सगळी उन्हाळ्याची सुट्टी मी त्या ताडपत्रीखाली काढली. ती माझ्याच चाकात काटे टोचायची आणि माझ्याच नावाने ओरडायची. "पूजे, तुजं लगीन हाय का आज? हात चालव!" मायला माझं कपाळ बघून कळायचं, आज किती शिकून आलीय ते. माझ्या टिकल्यांचं पाकीट संपलं तेव्हा तिने तिचं दिलं.

शाळा सुरू व्हायच्या आधी एका बाजारच्या दिवशी माय तात्यांना फाट्यावर घेऊन आली. पोरीला पंक्चर काढता येतं हे तात्यांनी ऐकून घेतलं, मग शेजारच्या कुंपणातून एक काटा मोडून आणला आणि सरळ मागच्या टायरमध्ये खुपसला. "काढ आता."

चाची भडकली. "बाप हाव का दुस्मन? चांगल्या टायरला काटा टोचला!"

मी बसले. टिकली, दांडे, कानशी, सोल्युशन. हात आपोआप चालत होते. बाजाराला निघालेले दोन-तीन जण उभे राहून बघायला लागले. मी टायर आत बसवला, हवा भरली आणि घाम पुसत उभी राहिले. तात्या वाकून चाक दाबायला गेले आणि माझ्या डोळ्यांदेखत चाक परत खाली बसायला लागलं.

तात्यांनी टोचलेला काटा मी काढला होता, पण रस्त्याने येताना आणखी एक लागलेला होता. एक सापडला या आनंदात मी चाक पूर्ण फिरवलंच नव्हतं. बघणाऱ्यांतला एक जण हसला. तात्यांनी बाजाराची पिशवी उचलली आणि जायला वळले. त्यांच्या पाठीकडे बघताना मला वाटलं, संपलं, आता आपण घरी.

आणि मग चाची म्हणाली, "बसा, भाऊ."

फाट्यावरचे सगळे चमकून तिच्याकडे बघायला लागले. चाचा तर चहाचा कप तोंडाशी तसाच धरून राहिला. चाचीने बाकडं स्वतःच्या पदराने पुसलं. "बसा म्हनते ना. चा येतोय." तात्या गोंधळून बसले. चाची नवऱ्याकडे वळली. "अजी, त्ये घोड्याचं काय झालतं? भाऊंनी ऐकलं न्हाई ते."

चाचाच्या आयुष्यात ही विनंती पहिल्यांदाच आली असावी. त्याने जे सुरू केलं ते विचारू नका. घोडा, आजोबा, नदी, पूर, पैलतीरावरचा जमादार. तात्यांना उठायला फटच मिळेना. चाची माझ्याकडे आली नाही. तिने बोटही लावलं नाही. लांबूनच एवढं म्हणाली, "हात सगळा फिरव, पूजे. पुरा गोल." मी चाक पूर्ण फिरवलं. दुसरा काटा व्हॉल्व्हच्या जवळ मोडून आत बसलेला होता. टिकली एकच होती, ती रिमवरून काढून तिथे लावली. घोडा मधल्या धारेत असताना माझी हवा भरून झाली.

तात्यांनी चाक अंगठ्याने दाबलं. परत दाबलं. "बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन एकटी न्हाई जायचं."

एकटीने जायचं नाही म्हटल्यावर मी गावभर फिरले. ज्या ज्या घरी सातवी झालेली मुलगी होती तिथे मायला घेऊन गेले. तात्या सोडतात म्हटल्यावर आणखी दोन बाप तयार झाले, मग आणखी. चाचीने सगळ्यांना शिकवलं आणि सगळ्यांना सारखंच रागावली. आम्ही घोळक्याने निघायचो. चाक बसलं की एकजण टायर धरायची, एकजण कानशी घ्यायची, एकजण कॅरिअरला बांधलेला छोटा पंप सोडायची आणि उरलेल्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. खरंच, कुणी फटफटी थांबवलीच तर त्याला आमच्या पाठी दिसायच्या. संध्याकाळी परत येताना चाची दुरूनच आमची कपाळं बघायची आणि ओरडून विचारायची, "किती झाले आज?"

मी बारावीपर्यंत त्या रस्त्याने गेले, मग अंबाजोगाईला नर्सिंगला. आज मी तिथल्याच एका दवाखान्यात नोकरी करते. माझ्या पगारातली पहिली साडी मायला घेतली आणि दुसरी चाचीला. चाचीने ती उलटसुलट करून पाहिली. "रंग उडंल हिचा," असं म्हणाली आणि ईदला नेसली. तिच्यावर माझं किती प्रेम होतं हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "बरं बरं, चल, हात चालव."

पुढे फाट्यावर सायकली कमी झाल्या आणि मोटारसायकलींना बिनट्यूबचे टायर आले. "ट्यूबच न्हाई तर पंक्चर कशाचं?" म्हणून चाचीने त्यांना हात लावायचं नाकारलं. चाचा गेला. तिचे गुडघे गेले, ताडपत्री उतरली. धारूरला दिलेली तिची मुलगी रेशमा अधूनमधून येऊन आईचं बघून जायची. गेल्या उन्हाळ्यात चाचीही गेली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

मला मात्र त्याआधीची दिवाळी आठवते. मी सुट्टीवर गावी आले होते. भाचीची सायकल घेऊन तिला भेटायला गेले तर चाची दारातच बसलेली. सायकल बघून तिचे डोळे चमकले. तिने आधी टायर दाबून पाहिला आणि मग म्हणाली, "मला बसव की माघं. ते बाभळीचं रान दाखव."

"म्हणजे? तू पाहिलं नाहीस?"

"मी कवा जाणार तिकडं? माहेर केजला, बाजार केजला. काटे तेवढे बघितले." मग म्हणाली, "मला सायकल कुठं येतीय."

आमच्या सगळ्यांच्या पायांखाली चाकं देणारी ही बाई कधी सायकलवर बसलीच नव्हती. मी तिला कॅरिअरवर बसवलं. तिने दोन्ही मुठींत माझी ओढणी घट्ट धरली आणि प्रत्येक खड्ड्याला मला शिव्या दिल्या. "हळू चालव बे! म्हातारी हाय मी!"

ओढा आला, बाभळीचं रान सुरू झालं. सकाळची वेळ, उन्हात रस्ता शेवटपर्यंत दिसत होता. चाची म्हणाली, "थांब." मी तिला उतरवलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती उभी राहिली. एकदा मागे बघितलं, एकदा पुढे. रान संपून पलीकडच्या गावची पाण्याची टाकी दिसत होती.

"कुठपतूर हाय गं ह्ये?"

"हे एवढंच. ती टाकी दिसते ना, तिथे शाळा."

"येवढंच?"

"एवढंच, चाची."

"म्या लई मोटं समजलतं," ती म्हणाली. "लोक सांगायचे, मोटं रान हाय, पोरगी कशी जाईल. रेशमाला लई जायचं व्हतं शाळंत. तिच्या बापानं न्हाई म्हटलं न्हाई, म्याच न्हाई म्हटलं. येवढ्या रस्त्यापायी म्या माजी पोरगी घरी बसवली, पूजे."

मी तिचे डोळे माझ्या ओढणीने पुसले. पुसू दिले तिने. मग मी सायकल घराच्या दिशेने वळवली आणि तिला धरून बसवायला लागले.

"तिकडं कावून?" चाची म्हणाली. "शाळंपतूर ने मला."

मी सायकल परत फिरवली.