मास्तरांचं घड्याळ उजव्या हातात

डावखुऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. कात्री धरली, किस्सा! प्रसादाला हात पुढे केला, किस्सा! त्यात मनगटावर घड्याळ आलं की मग विचारूच नका. सन पंच्याहत्तरच्या आसपास मी अड्याळकडच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो, आणि पुढची अकरा वर्षं माझं घड्याळ हा आमच्या स्टाफरूममधला चहासोबतचा चिवडा होता. तेव्हा मीही हसायचो. आता तेच सांगताना शेवटच्या किश्शाला हसत नाही, एवढाच फरक.

*

घड्याळ बाबांनी दिलेलं. बाबा धानाचे शेतकरी, गाव लाखांदूरच्या पलीकडे, तळ्याकाठी. लहानपणी मी डाव्या हातानं घास उचलला की ते खांद्यावरच्या दुपट्ट्यानं माझा डावा हात पाठीशी बांधून टाकायचे. "डाव्या हातानं जेवतं काय बे? लोकं हासतीन ना!" त्यानं जेवणाचा हात तेवढा बदलला. लिहिणं, विळा धरणं, गोट्या खेळणं सगळं डाव्यानंच, पण त्यांच्या पाठीमागं. त्यांच्या लेखी मात्र पोरगा सुधारला होता.

नोकरी लागली तेव्हा ते भंडाऱ्याला जाऊन चावीचं घड्याळ घेऊन आले. माझ्या डाव्या मनगटावर स्वतः पट्टा आवळला आणि म्हणाले, "मास्तरचा उजवा हात लिहाले मोकळा पाह्यजे!" हे इतक्या कौतुकानं म्हणाले की खरं सांगायची माझी हिंमतच झाली नाही. तिथंच चुकलं माझं.

*

पहिल्याच तासाला सवयीनं डाव्या हातात खडू घेतला, हात वर नेला आणि घड्याळ फळ्याच्या चौकटीवर असं आपटलं की काचेला तडा! बाजूच्या वर्गातले नखाते गुरुजी आवाज ऐकून दारात आले. माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "घ्या! पहिल्याच दिवशी टाइम फुटला तुमचा!"

त्या दिवसापासून घड्याळ उजव्या हातात.

*

पण उजव्या हातात घातलं की चावी येते कोपराकडे. मनगटावर असताना ती फिरवताच येत नाही. काढून फिरवावी तर मी विसरणार, आणि घड्याळ दर दोन दिवसांनी बंद. शेवटी नखात्यांनीच अक्कल दिली, "उलटं बांधा जी! चावी बोटांकडे येईल." बांधलं उलटं. सहा वर, बारा खाली. मला पाहायची सवय झाली, चावी देणंही सोपं झालं. भारी काम!

आमचा शिपाई अंताराम. शाळेचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं, त्यामुळे तो खिडकीतून माझ्या मनगटावर नजर ठेवून घंटा द्यायचा. त्याला घड्याळ वाचता येत नव्हतं. शेवटच्या तासाला मोठा काटा वर गेला की पाच वाजले, शाळा सुटली, एवढंच त्याला ठाऊक. घड्याळ उलटं बांधलं त्या दिवशी साडेचारलाच मोठा काटा त्याला वर दिसला आणि त्यानं दिली ना घंटा ठोकून! आम्ही बाहेर येईपर्यंत पोरं रस्त्याला लागलेली.

अंताराम हात जोडून म्हणाला, "काटा तं वरतच होता जी!" हेडमास्तरांनी मान वाकडी करून माझ्या मनगटावरचं घड्याळ वाचलं. मग म्हणाले, "गुरुजी, हात डावा राहू द्या तुमचा, पण शाळा तरी सरळ चालू द्या!"

*

नखात्यांच्या मुलीचं लग्न. आम्ही मास्तर मंडळी पंगतीत वाढायला. मी वरणाची बादली उजव्या हातात घेतली आणि डाव्या हातानं वगराळं उचललं. लगेच पहिल्याच म्हाताऱ्यानं पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले. "डाव्या हातानं वाढता काय जी? शिकले सवरले ना तुम्ही!"

मुकाट्यानं हात बदलला. उजव्या हाताला ना वगराळ्याचा अंदाज, ना वजनाचा. चौथ्या पत्रावळीशी हात बादलीत खोल गेला, पट्ट्याचं बक्कल निसटलं आणि घड्याळ वरणात! सगळी पंगत हात थांबवून पाहत होती. तोच म्हातारा पुढे वाकून विचारतो, "मास्तर, वरणात किती वाजले?"

लोक हसून हसून बेजार. मी वगराळ्यानं घड्याळ शोधत होतो. ते चाललं पुढेही, पण काचेखाली पिवळसर डाग राहिला तो राहिलाच. बाबांनी विचारलं तर मी सांगितलं, पावसात भिजलं. आणखी एक खोटं.

*

दर शनिवारी गावी जायचो. पवनीहून बस धरायची, गावाच्या आधीच्या थांब्यावर घड्याळ उजव्या हातातून काढायचं आणि सुलटं करून डाव्या हातात बांधायचं. रविवारी परतताना पुन्हा उलट. एकदा डोळा लागला. बस थांब्यावर थांबली, तसा कंडक्टर सगळ्यांसमोर ओरडला, "चला मास्तर, घड्याळ बदला! पुढं तुमचं गाव!"

मागच्या बाकावर आमच्याच गावच्या बाया होत्या, पदर तोंडाला लावून हसल्या. मी दचकलो. ही गोष्ट बाबांच्या कानावर गेली तर? पण बाबा काही बोलले नाहीत. सुटलो म्हणून मी खूश. किती मूर्ख होतो!

*

अकराव्या वर्षी निरोप आला, बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं. मी निघालो, आणि त्याही दिवशी त्या थांब्यावर हात बदललाच.

दुपारची वेळ. बाबा पडवीत खाटेवर बसलेले, पुढ्यात ताट. आई म्हणाली, "माह्या हातानं खातच नाही. डाव्या हातानं खा म्हटलं, तं लाजते." मी शेजारी बसलो. बाबांनी डाव्या हातानं माझं उजवं मनगट धरलं आणि बाहीखालून उघडं केलं. सायकलनं उन्हातान्हात फिरून काळा पडलेला हात, आणि त्यावर पट्ट्याएवढी गोरी पट्टी.

"घड्याळ त्या हातात, अन् गोरा पट्टा ह्या हातावर," ते म्हणाले. जीभ जड झालेली, पण शब्द कळत होते. "पहिल्या वर्सापासून पाहून राहिलो मी. म्हटलं, सांगन कधी तरी."

मग त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"जाऊ दे ते. डाव्या हातानं घास कसा घेते, थे दाखव मले. तुह्याशिवाय कोण सांगन?"

मी डाव्या मनगटावरचं घड्याळ काढून खाटेवर ठेवलं, डाव्या हातानं भात कालवला आणि घास उचलला. बोटं जुळेनात. अर्धा घास ताटात पडला, अर्धा माझ्या मांडीवर. पुन्हा उचलला, पुन्हा सांडला.

बाबा बघत होते. मग हळूच म्हणाले, "तुलेबी नाही येत काय रे?"