गोदामातला वास

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी ह्यांची व्हिस्कीची अख्खी बाटली मोरीत ओतली. वर बादलीभर पाणी टाकून मोरी शुद्धही केली. केवढी मी सती सावित्री! दूरच्या एका बेटावरची ती व्हिस्की ह्यांनी मित्राकडून मागवली होती. "एकदा तिथं जायचंच," असं म्हणायचे.

शेवटी आले मीच, नातीबरोबर, हे गेल्यावर. बाहेर समुद्र आपटत होता आणि त्या जुन्या भट्टीच्या दगडी गोदामात लाकडी पिंपं ओळीनं निजली होती. धूर, ओलं लाकूड आणि काकवीसारखं काहीतरी, असा वास.

"आजी, घोटभर घे की!"

"गप गं, उपास आहे माझा," मी ठोकून दिलं. श्वास मात्र पोटभर घेतला. फोटो नंतर दाखवता येतो, चव सांगता येते. वासाला मात्र माणूस शेजारीच असावा लागतो.

व्हिस्की ओतली त्या संध्याकाळी ह्यांनी रिकामी बाटली पाहिली. मी पदर खोचून भांडायला तयार! हे मोरीपाशी उकिडवे बसले, वाकून हुंगलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी ओतशील तेव्हा मला हाक मार. निदान वास तरी घेईन."