पहिली किक

काल पेट्रोलने धुतलेल्या लोखंडाचा वास आला आणि मी मनाने थेट धाड गावी, बाबांच्या गॅरेजमध्ये पोचले.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. बाबांनी एका गिऱ्हाइकाच्या जुन्या मोटारसायकलला व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, नवा बसवला होता. किक मारायला त्यांनी पाय उचलला, तेव्हा मला दिसलं, टायमिंगच्या साखळीची खूण एक दात सरकलीय. इंजिन फिरलं असतं तर व्हॉल्व्ह वाकले असते.

"बाबा, थांबा! खूण चुकली."

गाडीवाले काका हसले. "इंग्लिश शाळेतली पोरगी तुले शिकवून राह्यली का बे?"

बाबांनी वाकून पाहिलं आणि पाना माझ्याकडे दिला. "लाव तूच."

मी खुणा जुळवल्या. आमच्याकडे टायमिंग लावेल त्यानंच पहिली किक मारायची. काका पुढे आले, तसे बाबा म्हणाले, "मांगं सरका. किक पोरगी मारीन."

गॅरेजमधले सगळे बघत होते, म्हणून मी मान खाली घालूनच किक मारली. गाडी लगेच सुरू झाली. तेव्हा मी एकदा वर बघून बाबांचा चेहरा पाहायला हवा होता.